माती कमी पडली

आधीच सांगून टाकतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. मोठे शब्दही मला येत नाहीत. ज्या घरी हे घडलं तिथल्या काकू पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. त्यांच्या हाती हे पडलं तर पानभर लाल खुणा होतील, पण खोटं वाक्य एकही सापडणार नाही. आणि 'मी' लिहायला घेतलं की माझा हात अडतो, म्हणून 'तो' लिहितो. चालवून घ्या.

१

त्याचं काम बागेचं. लोकांच्या घराभोवती फुलांचे वाफे काढायचे, असलेले वाढवायचे, रोपं लावून द्यायची. हे सगळं त्याला मामाने शिकवलं. आई गेल्यावर मामानेच त्याला सांभाळलं, आणि शाळा सुटल्यावर हातात खुरपं दिलं.

मामा बोलका. एखाद्या घरी वाफा खणायला गेला की संध्याकाळपर्यंत त्या घरातल्या कुत्र्याचं पोट कधी बिघडतं हेसुद्धा त्याला माहीत झालेलं असायचं. भाचा अगदी उलटा. दिवसाकाठी चार शब्द, पाचवा कुणी ओढून काढला तर. मामा त्याला 'घुम्या' म्हणायचा आणि मग सगळेच म्हणायला लागले. "बोल ना काहीतरी, घुम्या," हे वाक्य त्याने मामाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्याला नावासारखंच झालं होतं.

मामाचे नियम दोन. खणलेल्या मातीवर पाय ठेवायचा नाही. "झोपलेल्या पोराच्या पोटावर पाय देशील का?" असं तो विचारायचा. म्हणून खणायचं ते मागे मागे सरत; खणलेलं समोर, न खणलेलं पाठीशी. मग सुरुवात कुठून करायची हे ठरवतानाच आपण शेवटी कुठे उभे राहणार तेही ठरवावं लागतं. दुसरा नियम: माती उरली पाहिजे. खणली की माती फुगते, शिवाय खड्ड्यात रोपाच्या मुळांचा गड्डा बसतो, तेव्हा काढलेली सगळी माती परत मावत नाहीच. घमेलंभर तरी उरते. "कमी पडली तर समज, खाली बसून कुणीतरी खातंय," मामा हसत म्हणायचा.

आणि एक सवय. ओळ संपली की मामा फावडं दगडावर दोनदा आपटायचा, चिकटलेली माती झाडायला. ठक, ठक. घुम्या कधी आपटायचा नाही. आवाज करायचा त्याला संकोच वाटायचा. तो खुरप्याने खरवडून काढायचा.

मागच्या वर्षी दोघांत शब्दाला शब्द लागला. म्हणजे शब्द मामाचेच. घुम्याला नर्सरीत कायमची नोकरी मिळत होती. मामा म्हणाला, "जा की. मग मी दिवसभर कुणाशी बोलू, गांडुळांशी?" घुम्या काही न बोलता जेवायला निघून गेला आणि मुद्दाम उशीर केला. तीनला परत आला तेव्हा वाफा पुरा झालेला होता, आणि मामा त्या घराच्या पायरीवर बसलेला, पाठ दाराला टेकून. डोळे उघडे. घरातली बाई म्हणाली, दीडच्या सुमाराला फावडं आपटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

घुम्याने नोकरी घेतली नाही. मामाचा निळ्या काठाचा टॉवेल गळ्यात टाकून तो एकटाच कामं करत राहिला. खोलीवर आला की दोन खाटा, त्यातल्या एकीवर आता फावडी ठेवलेली. मामाला सांगायचं राहून गेलेलं वाक्य एकच होतं, आणि तेही लांबलचक नव्हतं: मी नोकरी घेतली नाही.

२

काकूंचं घर बसकं, एकमजली. पुढे फाटक, फाटकापासून दारापर्यंत दहा पावलांची खडीची वाट. तिन्ही बाजूंना गवत आणि मागे फरशीचं छोटं अंगण, ते मागच्या गल्लीत उघडायचं. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती. घरात काठी टेकत फिरायच्या, बाहेर येत नव्हत्या. तीन खिडक्यांपाशी तीन खुर्च्या मांडलेल्या. सकाळची एक, दुपारची एक, संध्याकाळची एक.

"तूच का तो घुम्या?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"हो."

"बोलतोस की. नर्सरीवाला म्हणाला मुका आहे."

तो वाफ्यांकडे बघत राहिला. भिंतीलगत दीड फुटाची पट्टी होती, त्यात मरायला टेकलेली चार जिरेनियमची झाडं.

"हे वाफे मला दिसतच नाहीत," काकू म्हणाल्या. "खुर्चीत बसले की खिडकीच्या चौकटीखाली जातात. मग काय, नुसतं गवत बघायचं. चाळीस वर्षं लोकांच्या पुस्तकांत समास नीट सुटलेत का ते बघितलं. आता डोळ्यासमोर कोरं नकोय मला. वाफे पुढे आण. किती ते मी इथून सांगते."

तसंच केलं. त्याने पाण्याचा पाइप गवतावर वळणदार टाकला आणि काकू आतून सांगत गेल्या. अजून. अजून हातभर. तिथे पोट आलंय, आत घे. त्यांची नजर अशी की बोटभर वाकडं असलं तरी सापडायचं. पाइपच्या कडेने त्याने फक्कीची पांढरी रेघ ओढली, गवताचे तुकडे कापून काढले आणि खणायला लागला. मागे कर्दळ, मध्ये झिनिया, पुढे पेटुनिया. संध्याकाळी सगळं लावून झालं आणि तो उरलेली माती घमेल्यात भरायला वळला.

माती उरलेली नव्हती. एवढंच नाही, वाफा कडेपेक्षा चार बोटं खाली होता. खत घातलं होतं, अठ्ठावीस रोपांचे गड्डे बसवले होते, आणि तरी खाली.

पोकळ जमीन असेल, त्याने मनाशी म्हटलं. घर बांधताना खाली राडारोडा टाकला असेल, त्यात माती मुरली असेल. असं होतं. त्याने मामाचं ते खाली बसून खाणाऱ्याचं वाक्य आठवू दिलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी पुढचा वाफा काढताना त्याने माती मोजली. मोजायचं म्हणजे काय, प्लास्टिकचा कागद पसरून खणलेलं सगळं घमेल्याघमेल्याने त्यावर टाकलं. एकेचाळीस घमेली. एक कणही गवतात सांडू दिला नाही. मग रोपं लावली आणि तीच एकेचाळीस घमेली परत ओतली. पुन्हा चार बोटं कमी.

दुपारी तो नर्सरीत जेवायला जायचा. तिथे शेडखाली बाक होता, पाणी होतं, आणि नर्सरीवाला होता. हा मामाचा जुना दोस्त.

"मातीच्या पिशव्या हव्यात," घुम्या म्हणाला. "वीस."

"माती? तुला?" नर्सरीवाल्याने पोळीचा घास हातातच धरला. "अरे, तुम्ही मामा-भाचे मला माती आणून द्यायचे. माझ्या निम्म्या कुंड्या तुमच्या उरलेल्या मातीवर उभ्या आहेत."

"कमी पडतेय."

"कमी कशी पडेल?"

"काय माहीत."

"आज तीन वाक्यं बोललास तू. तब्येत बरी आहे ना?" नर्सरीवाला हसला, मग हसू जरा आवरून म्हणाला, "उंदरांची बिळं असतील. नाहीतर घूस. घूस घराचा पाया पोखरते, दिसत नाही. काकूंना सांग."

घूस. हे पटण्यासारखं होतं. घुम्याला इतकं बरं वाटलं की त्याने एक लाडूसुद्धा मागून खाल्ला.

त्याच दुपारी काकूंनी दुसऱ्या खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून हातभर पुढे घे." फक्की पुसली, पाइप पुन्हा टाकला. पहिल्या वाफ्याचीही कड वाढवायची ठरली. पाचव्या दिवसापर्यंत घराच्या दोन बाजूंचं गवत संपलं होतं.

४

सहाव्या दिवशी तो जेवून परत आला तर काकू खिडकीत वाटच बघत होत्या. चेहरा त्रासलेला.

"एक सांगू का? राग मानू नकोस. दुपारी दीडला मी जरा आडवी होते. तेवढा अर्धा तास खणत जाऊ नकोस."

"मी नव्हतो काकू. जेवायला गेलो होतो."

"रोजच?"

"रोजच. एक ते तीन."

काकूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. चुकीचा शब्द दिसावा, पण चूक नेमकी कुठली ते कळू नये, तसं. "मग कोण खणतं? रोज ऐकू येतं. अगदी भिंतीलगत. खच्च करून जातं, मग माती ओढल्याचा आवाज. आणि शेवटी ते आपटणं. तेच डोक्यात जातं माझ्या."

"कसलं आपटणं?"

"फावडं आपटतोस ना दगडावर. दोनदा. ठक, ठक."

घुम्याने भिंतीकडे पाहिलं. शेजारच्या घरी काम चालू असेल, त्याने विचार केला. प्लंबर असेल. जगात फावडं आपटणारी माणसं काय कमी आहेत? आणि दोनदा आपटतातच. एकदा आपटून माती कुठे पडते. मग त्याने शेजारच्या घराकडे पाहिलं. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती आणि फाटकाच्या कुलपाला गंज चढला होता.

"घूस असेल," तो म्हणाला.

"फावडं आपटणारी?" काकू म्हणाल्या, आणि खिडकी लावून घेतली.

५

दुसऱ्या दिवशी एक वाजता तो जेवायला गेला नाही. काकूंना कळू नये म्हणून फाटक वाजवून लावलं, मग बाजूच्या खिडकीखाली, वाफा आणि भिंत यांच्यामध्ये सोडलेल्या वीतभर पट्टीवर येऊन बसला. पाठ भिंतीला लावून, गुडघे छातीशी घेऊन.

ऊन सरळ डोक्यावर होतं. झिनियांच्या पाकळ्या हलत नव्हत्या. आत काकूंची काठी दोन-तीनदा वाजली, पलंग करकरला आणि घर शांत झालं. रस्त्यावरून एक सायकल गेली. त्याने टॉवेलने मान पुसली. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं आणि कळत नव्हतं. आवाज आला नाही तर घरी जाऊन झोपायचं, असं त्याने ठरवलं. आला तर काय, ते ठरवलं नाही.

आवाज भिंतीतून आला. आधी पाठीला लागला, मग कानाला. खच्च. भिंतीच्या त्या बाजूला, त्याच्या कमरेच्या उंचीवर. फरशीवर लोखंड लागलं तर ठण्ण होतं. हे तसं नव्हतं. हे ओल्या मातीत फावडं जाण्याचं होतं. मग ओढणं. मग थोडा श्वास. खच्च. ओढणं. श्वास. प्रत्येक वेळी आवाज थोडा सरकत होता, घराच्या मागच्या भागाकडून पुढच्या दाराच्या दिशेने. मागे मागे सरत.

खिडकी त्याच्या डोक्याच्या वर हातभरावर होती. पडदा अर्धा ओढलेला. नुसतं उभं राहिलं असतं तरी दिसलं असतं. त्याचे पाय उठायला तयार होते, पण तो उठला नाही. भीती होती, ती तर होतीच. पण त्याहून जास्त काहीतरी होतं: उठलो आणि आत काहीच नसलं तर? अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या पाठीला पाठ लावून कुणीतरी काम करत होतं. दोघं एकाच वाफ्यात असायचे तेव्हा असंच व्हायचं. तो इकडून, मामा तिकडून, आणि मध्ये कुठेतरी पाठी भिडायच्या. मामा म्हणायचा, "आली का गाडी स्टेशनात."

ठक. ठक.

मग काहीच नाही. त्याने भिंतीवर बोटाचं पेर ठेवलं. एकदा वाजवायचं मनात होतं. पण नाही वाजवलं. समोरच्या वाफ्यात, सकाळी कडेला लावून सारखी केलेली माती बोटभर खाली गेली होती आणि एका पेटुनियाचं पांढरं मूळ उघडं पडलं होतं.

६

आता तिसरी बाजूही झाली. राहिली ती फक्त पुढची वाट. काकू पुढच्या खिडकीच्या खुर्चीत बसून त्या दहा पावलांच्या खडीकडे बघत होत्या.

"तीही घे."

"वाट?"

"मला कुठे जायचंय? आणि कोण येतंय?" त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की घुम्याला वाईट वाटायला जरा वेळ लागला. "मुलगा फोन करतो रविवारी. फोनला वाट लागत नाही. दूधवाला मागच्या गल्लीने येतो. मधोमध तो कोरा पट्टा बघून मला सारखं वाटतं, इथे काहीतरी छापायचं राहून गेलंय."

"बरं."

"फाटकाकडून सुरू कर. म्हणजे शेवटी दाराशी येशील. मग आतून ये, चहा घे आणि मागच्या दाराने जा. एवढे दिवस काम करतोयस, घरात एकदा पाऊल नाही ठेवलंस."

दाराकडून सुरू करून फाटकाशी संपवायचं, हे कुणालाही सुचलं असतं. मामाने तर सांगायच्या आधीच दाराशी जाऊन पहिला घाव घातला असता. कारण बाहेरच्या माणसाने शेवटी बाहेर असावं. घुम्याला हे माहीत होतं. मामा कुठल्या पायरीवर जाऊन संपला तेही माहीत होतं. रात्री दुसऱ्या खाटेवरची फावडी बघत त्याने यावर खूप विचार केला आणि सकाळी येऊन फाटकाकडून खणायला सुरुवात केली.

बारापर्यंत खडी काढून झाली होती. एकपर्यंत निम्मी वाट. तो थांबला नाही. खणायचं, खत मिसळायचं, रोप बसवायचं, उलट्या हाताने माती सारखी करायची, एक पाऊल मागे. समोर डेलिया आणि साल्व्हिया एकेक करून उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या पलीकडे फाटक लांब जात होतं. एकदा त्याने वर पाहिलं तर रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून बघत होता. माणसाने मान हलवली, छान झालंय अशी. घुम्यानेही हलवली. मग माणूस गेला आणि घुम्याला वाटलं, त्याला हाक मारायला हवी होती. कशासाठी, ते सांगता आलं नसतं.

दीड वाजता आतलं खणणं सुरू झालं.

आता ते दाराच्या अगदी मागे होतं. त्याचं फावडं मातीत गेलं की आतलं जायचं. तो ओढायचा, आतला ओढायचा. घरावर आपटून येणारा प्रतिध्वनी असेल, त्याने मनाशी म्हटलं, आणि खात्री करायला अर्ध्यावर हात थांबवला. आतला आवाजही थांबला. त्याने जरा वाट पाहिली. मग आत एकदाच, त्याच्याविना, खच्च झालं. वाट बघून कंटाळल्यासारखं.

त्याने शेवटचं रोप लावलं. माती सारखी केली. मागे सरला तशी टाच पायरीला लागली.

ठक. ठक. त्याच्या पाठीमागे, उंबऱ्याच्या दगडावर.

७

"झालं का रे?" काकूंचा आवाज स्वयंपाकघरातून आला. "ये सरळ आत. दार नुसतं लोटलंय."

तो पायरीवर चढला, वळला आणि दार ढकललं.

उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काळोखच दिसला. ओल्या मातीचा वास आला, तो आपल्याच हातांचा असेल. मग काळोख थोडा विरला. आत फरशी नव्हती. उंबऱ्यापासून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत खणलेली माती होती, कडा नीट कापलेल्या, उलट्या हाताने सारखी केलेली. फक्त उंबऱ्याच्या आत वीतभर जागा शिल्लक होती, आणि त्या वीतभर जागेवर एक माणूस त्याच्याकडे पाठ करून वाकलेला उभा होता.

सदरा पाठीला चिकटलेला. टाचा इतक्या मागे की त्यांची माती उंबऱ्यावर सांडली होती. गळ्यात निळ्या काठाचा टॉवेल.

घुम्याचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. टॉवेल तिथे होता.

नऊ वर्षं तो मामाच्या मागे मागे चालला होता. ती पाठ त्याने हजारांत ओळखली असती. ही पाठ तशीच होती. तशीच उतरती, डावा खांदा जरा वर. पण घुम्याची अंगकाठी मामावर गेलीय असं सगळेच म्हणायचे, आणि स्वतःची पाठ कुणी पाहिलेली असते?

वाक्य घशापर्यंत आलं. चार शब्द. तो तोंड उघडणार तेवढ्यात त्या माणसाने माती सारखी करणं थांबवलं. हात गुडघ्यांवर ठेवले. कंबर धरलेलं माणूस उठतं तसा हळूहळू सरळ होऊ लागला, आणि सरळ होता होता मान थोडी वळायला लागली.

काकूंची काठी स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत आली. टक, टक, टक, फरशीवर. जिथे फरशी नव्हती तिथून ती वाजत जवळ येत होती.

"अरे, असा दारात का उभा?" काकू म्हणाल्या. "बोल ना काहीतरी."

गालाची कड दिसली. तिच्यावर माती होती, वाळलेली नाही, ओली. एवढंच त्याने पाहिलं.

तो पळाला. दिवसभर खणलेल्या वाटेवरून, रोपांमधून, मामाचा नियम तुडवत. त्याने स्वतः वीतभरच खणलं होतं, तरी पाय गुडघ्यापर्यंत जात होता. आणि प्रत्येक वेळी तळाला काहीतरी लागून पाऊल परत वर येत होतं. दगडासारखं टणक नाही. खालून कुणी तळपायाला तळपाय लावावा तसं.

८

रात्री त्याला झोप आली नाही हे सांगायला नको. पण भीतीने नाही आली असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. तो विचार करत होता की मान अजून थोडी वळू दिली असती तर. आणि काकूंचा विचार करत होता. त्या माणसाच्या पलीकडे त्यांचा चहा निवत राहिला असेल.

सकाळी उठून त्याने डबा भरला. एवढ्या वर्षांत कामावर डबा त्याने कधी नेला नव्हता. मग नर्सरीत जाऊन सात चौकोनी फरश्या मागितल्या. नर्सरीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी चेष्टा तोंडात आली होती ती गिळली आणि फरश्या स्वतः हातगाडीवर चढवल्या.

फाटकातून त्याला वाफा दिसला. कालची पावलं कुठेच नव्हती. मोडलेल्या डेलिया काड्यांना बांधून सरळ उभ्या केलेल्या. जिथे जिथे त्याचा पाय गेला होता तिथे माती भरून वरून सारखी केलेली होती, उलट्या हाताने. बोटांच्या चार पेरांच्या रेघा अजून ओल्या होत्या. मामा असंच सारखं करायचा. तोही असंच करतो, मामाकडूनच शिकला. वाफा कडेपर्यंत भरलेला होता, आणि पायरीशेजारी, झाडून नीट गोळा करून ठेवल्यासारखी, घमेलंभर माती उरली होती.

काकू पुढच्या खिडकीत होत्या.

"काल असा पळालास काय? मी किती हाका मारल्या. आणि मागून परत येऊन सगळं नीट करून गेलास, तेही न सांगता."

"काकू," तो म्हणाला, "वाट करून देतो. येता-जाता येईल अशी."

"कुणाला?"

"कुणालाही."

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढून घेतली. त्याने फाटकापासून एकेक फरशी मातीवर टेकवत, तिच्यावर उभं राहून पुढची टेकवत, सात फरश्या पायरीपर्यंत नेल्या. आता वाफ्यात पाय न घालता जाता येत होतं, आणि परतही येता येत होतं. मग त्याने फावडं उचललं, जरा थांबला आणि शेवटच्या फरशीच्या कडेवर आपटलं. दोनदा. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला.

घर शांत होतं.

"आज मी जेवायला जाणार नाही," तो खिडकीकडे न बघता म्हणाला. "इथेच बसतो."

डबा शेजारी ठेवून तो पायरीवर बसला. पाठ दाराला टेकवली नाही. तोंड दाराकडे केलं. वाक्य चारच शब्दांचं होतं, ते तो हळू आवाजात म्हणून बघत राहिला. दीड वाजायला अजून बराच वेळ होता.